‘सगळे मजेत’ असे लिहू नका

परवा भर पावसात, ओपीडी संपता संपता, एक तिशीच्या आतली बाई आली. छातीत धडधड होते, रात्री दोन-अडीचला दचकून जाग येते, घास घशाखाली उतरत नाही. नाडी ९६, रक्तदाब ठीक. थायरॉइडची तपासणी तिने आधीच बाहेरून करून आणली होती, तीही ठीक. ईसीजी काढला, त्यातही काही नाही. कागद घडी करता करता मी विचारले, “मिस्टर काय करतात?”

“नेव्हीत आहेत. बोटीवर.”

“शेवटचं बोलणं कधी झालं?”

“बोलणं नाही मॅडम, मेल येतो. दर तीन-चार दिवसांनी यायचा. आता नऊ दिवस झाले, काहीच नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि टीव्हीवर तिकडच्या बातम्या चालूच असतात.”

औषध लिहायला उचललेले पेन मी खाली ठेवले.

मावळात इतकी वर्षे सरकारी नोकरी केल्यावर हा प्रश्न मी सवयीनेच विचारते. लोणावळ्याला येणारे पर्यटक भुशी धरणाकडे जाताना ‘आयएनएस शिवाजी’चे फाटक पाहतात आणि डोंगरावर नौदल कशाला, म्हणून हसतात. समुद्रापासून इतक्या उंचीवर असलेला हा तळ १५ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरू झाला. जहाजाची इंजिने चालवणारे आणि दुरुस्त करणारे नौसैनिक व अधिकारी इथे शिकतात. म्हणजे इथून बाहेर पडणारा माणूस पुढे जहाजाच्या पोटात काम करतो. तिथे खिडकी नाही, उन्हाचा तुकडा नाही. आवाज इतका की कानांवर संरक्षक लावल्याशिवाय उभे राहता येत नाही. त्यांच्यातल्या काहींची कुटुंबे लोणावळ्यातच राहतात, काही मावळातलीच मुले असतात. नौदलाचे ‘कस्तुरी’ रुग्णालय लोणावळ्यात आहे, त्यामुळे त्यांचे बरेचसे उपचार तिकडे होतात. पण आई-वडील पवन मावळात नाहीतर नाणे मावळात, आणि मध्यरात्री छातीत दुखू लागले की जवळचे ते आम्हीच.

अशाच एका मध्यरात्रीची गोष्ट सांगायची आहे. त्यात माझी चूक आहे.

२०१० चा पावसाळा होता. पवन मावळातल्या एका गावातून साठी ओलांडलेल्या एका शेतकऱ्याला जीपमधून आणले. घामाने निथळत होते, डावा हात दुखत होता, ईसीजी पाहताच निदान झाले. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले, पहाटे ठोके स्थिर झाले, सकाळी पुण्याला पाठवले. रुग्णवाहिकेत चढण्याआधी त्यांच्या पत्नीने माझा हात धरला. “पोरगं बोटीवर आहे. त्याला काही कळवू नका. तिथं एकटा आहे, जीवाला लावून घेईल.” मी मान डोलावली. मला ते शहाणपणाचेच वाटले. दूर असलेल्या मुलाला काळजीत टाकून काय साधणार होते? तो काही पोहत येणार नव्हता.

त्या घरात तेव्हा संगणक नव्हता. बारावीतली धाकटी मुलगी दर रविवारी वडापच्या जीपने कामशेतला यायची आणि सायबर कॅफेत अर्ध्या तासाचे पैसे भरून भावाला मेल करायची. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. मेलची शेवटची ओळ आबांची असे. ते सांगत, ती टाइप करी. खालच्या खाचरात पाणी फार झालंय, वरच्या तुकड्यावर करपा दिसतो, बैलाचा खूर सुजला, असे काहीही. त्या रविवारी मुलीने नेहमीसारखाच मेल केला. पाऊस, शेजारचे लग्न, अभ्यास, ‘सगळे मजेत’. आबांची ओळ अर्थातच नव्हती. पुढच्या रविवारीही नव्हती.

दिवाळीनंतर मुलगा सुटीवर आला तेव्हा मला भेटायला आला. तोवर आबा गावात हिंडू-फिरू लागले होते. मुलगा रागावलेला नव्हता, पण जे सांगितले ते मी विसरलेले नाही. “मॅडम, ओळ नव्हती. पहिल्या वेळी वाटलं, विसरले असतील. दुसऱ्या वेळी मी मनाशी धरलं की आबा गेले, आणि हे लोक मला घरी आल्यावर सांगणार.” सहा आठवडे त्याने वडिलांचे सुतक एकट्याने, कोणालाही न सांगता पाळले होते. चार तास इंजिनरूममध्ये आणि उरलेला वेळ छताकडे बघत. शेवटी पोटात गोळा, डोकेदुखी आणि धडधड म्हणून जहाजावरच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनाही काही सापडले नाही, कारण त्यांना विचारायला सुचले नाही आणि त्याला सांगवेना.

वडिलांना झटका आला, वेळेत उपचार मिळाले, आता बरे आहेत, एवढी खरी बातमी त्याला कळली असती तर तो दोन दिवस रडला असता आणि मग झोपला असता. आम्ही त्याला त्याहून मोठी, खोटी बातमी पाठवली, तीही एक अक्षर न लिहिता.

असे का होते, याचे एक छान उत्तर नंतर वाचनात आले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ स्वयंसेवकांना संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे की नाही हे ओळखायचे. साप निघाला की हाताला विजेचा हलका पण दुखेल असा झटका. खेळताना त्यांचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार मोजला. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना ताण कमी होता. सर्वांत जास्त ताण केव्हा? झटका बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना. आपले शरीर वाईट गोष्टीला तोंड देण्याची तयारी करू शकते, ‘असेल किंवा नसेल’ याला नाही. त्या मुलासाठी प्रत्येक रविवार म्हणजे एक दगड होता.

आमच्या पिढीला तार आठवते. ‘फादर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली.’ वाचता येवो न येवो, तारवाला दारात दिसला की आळीभर रडारड. ही तार इतकी ठरावीक झाली होती की सुटी मिळवायलाही तीच वापरली जाई, आणि मग वरिष्ठ डॉक्टरचा दाखला मागत. वडील ठणठणीत असताना ‘अत्यवस्थ’ असा दाखला द्या, म्हणून माझ्यासमोर उभे राहिलेल्या बापांची संख्या मी सांगत नाही. २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा मला त्या बापांचीच आठवण झाली. जहाजावरच्या माणसाला पत्र लिहायचे तर पत्ता ‘फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’. निळे अंतर्देशीय तिथे जायचे आणि जहाज ज्या बंदराला लागेल तिथे ते गाठायचा प्रयत्न करायचे. एकदम पाच पत्रे मिळत, त्यातले चौथे आधी उघडले जाई. पण त्या काळी सर्वांनाच ठाऊक होते की पत्राला वेळ लागतो. न येण्याला अर्थ नव्हता.

ई-मेलने तो अर्थ आणला. आपल्या जिल्ह्याचा यात थोडा हात आहे. नारायणगावजवळ आर्वीला १९७१ साली विक्रम भू-उपग्रह केंद्र सुरू झाले, आणि समुद्रातल्या जहाजांशी उपग्रहामार्फत संपर्काचे केंद्रही पुढे तिथेच झाले. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिर दिसणारा उपग्रह, त्याच्याकडे रोखलेली जहाजावरची तबकडी, आणि जमिनीवर असे एखादे केंद्र, अशी ती साखळी. जहाज डोलते, वळते, तरी तबकडीला उपग्रहाकडेच बघत राहावे लागते, म्हणून तिच्याखाली सतत हलणारी यंत्रणा असते. २०१३ च्या ऑगस्टमध्ये नौदलाच्या वापरासाठी जीसॅट-७ हा उपग्रह सोडला गेला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये श्रीहरिकोट्याहून सुमारे ४,४०० किलोचा जीसॅट-७आर गेला. हे सगळे अर्थातच आधी युद्धसज्जतेसाठी. घरच्या मेलला त्यातली उरलेली फट मिळते.

ही फट केव्हा बंद होईल हे घरी सांगता येत नाही. युद्धनौकेने रेडिओलहर सोडली की ती कुठे आहे हे शत्रूला कळू शकते, त्यामुळे कधीकधी जहाज मुद्दाम मुके होते. त्या काळात मेल जात नाही, आणि ‘आता मेल जाणार नाही’ असाही मेल जात नाही. शिवाय जहाजावरचा संगणक म्हणजे घरातल्या टेबलावरचा नव्हे. २०१२ साली विशाखापट्टणमच्या पूर्व नौदल मुख्यालयातील संगणकांत पेन ड्राइव्हमधून घातक सॉफ्टवेअर शिरल्याचे वृत्त आले होते. २०१९ च्या अखेरीस हेरगिरीचे प्रकरण उघडकीस आल्यावर नौदलाने जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन आणि फेसबुकसारख्या माध्यमांना बंदी केली. तेव्हा कुटुंबातल्या बायकांनी माझ्याकडे तक्रारी केल्या होत्या. मला नियम पटतो. ज्याचा नवरा त्या जहाजावर आहे त्याच्याइतके त्या नियमाचे भले कोणाचे होणार? पण नियमाचे कारण घरच्यांना नीट सांगितले, तर माझ्याकडच्या काही ईसीजी वाचतील, हेही खरे.

आणि गंमत अशी की अनेकदा मुके झालेले असते ते मावळ, जहाज नव्हे. जुलै-ऑगस्टमध्ये आंदर मावळात झाड पडून तार तुटली की दोन-दोन दिवस वीज नाही, टॉवरची बॅटरी संपते, फोन म्हणजे नुसते घड्याळ. तिकडे तो वाट बघत असतो, इकडे हिला वाटते तो लिहीत नाही.

नऊ दिवसांवाल्या बाईला मी हेच सारे सांगितले. तिला विचारले, “तीन-चार दिवसांनी मेल येईल असं त्यांनी सांगितलं होतं का?” नाही, तसे आपोआप पडत गेले होते. इथेच सगळी मेख आहे. माणसाचा मेंदू लय धरतो, आणि लय चुकली की धोक्याची घंटा वाजवतो. घरोघरी माझा सल्ला असा की निघण्याआधीच लांबची मुदत ठरवा. मेल चार दिवसांनी येत असला तरी कॅलेंडरवर खूण तीन आठवड्यांची करा, आणि त्या खुणेपर्यंत शांतता हा नेहमीचा मामला समजा. खूण उलटली तर कोणाला फोन करायचा, तो नंबर नवऱ्याने निघण्याआधी लिहून द्यायचा. मेल बघायची वेळ दिवसातून एकच, शक्यतो सकाळची, चहानंतर. रात्री अंथरुणात पडून दर दहा मिनिटांनी फोन उघडणाऱ्याला झोपेची गोळी देऊन उपयोग नसतो. पडद्याचा उजेड मेंदूला दिवस असल्याचे सांगत असतो, आणि अपेक्षाभंग त्याला दर दहा मिनिटांनी हलवून उठवत असतो. बातम्यांच्या वाहिन्यांबद्दल मी काही बोलले नाही. तिने आपण होऊन म्हटले, “टीव्ही बंद करते.”

आता जहाजावरचे टोक. तिथल्या माणसाला मेल वाचणे हेसुद्धा कधीकधी शारीरिक कष्टाचे असते. आपण बोरघाटात गाडीत मोबाइल वाचतो तेव्हा मळमळते ना, तेच. डोळे पडद्यावरच्या अक्षरांवर खिळलेले, ते मेंदूला सांगतात की सगळे स्थिर आहे. आतल्या कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की सगळे हलते आहे. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की पोट ढवळते. प्रयोगांत असे दिसले आहे की वर-खाली होणाऱ्या हेलकाव्यांत साधारण पाच-सहा सेकंदांना एक हा वेग सर्वांत वाईट. दुर्दैवाने समुद्र नेमका याच वेगाने पाळणा हलवायला तयार असतो. उपाय म्हणजे क्षितिजाकडे पाहणे, ते नसेल तर जहाजाच्या मध्याजवळ डोळे मिटून आडवे होणे. खवळलेल्या समुद्रात कोणी दोनच ओळींचा मेल पाठवला, तर तो कंटाळला आहे असे धरू नये. तो बहुधा शेजारी पिशवी घेऊन बसला असेल.

पडद्यासमोर पापण्या मिटण्याचे प्रमाण साधारण निम्म्यावर येते. त्यात जहाजातली वातानुकूलित कोरडी हवा, त्यामुळे डोळे चुरचुरणे तर रोजचेच. ही किरकोळ गोष्ट. झोप ही किरकोळ नाही. जहाजावर पाळ्या तासांच्या हिशोबाने फिरतात, आज पहाटे चार ते आठ तर उद्या मध्यरात्री. २०१७ साली अमेरिकी नौदलाच्या दोन विनाशिका, ‘फिट्झगेराल्ड’ आणि ‘जॉन मॅकेन’, साधारण दोन महिन्यांच्या अंतराने व्यापारी जहाजांवर आदळल्या आणि १७ नौसैनिक मेले. त्यानंतरच्या चौकशांत प्रशिक्षणातल्या त्रुटींबरोबर थकव्याचा आणि अपुऱ्या झोपेचा मुद्दा पुढे आला. इंजिनरूममध्ये झोप न झालेला माणूस म्हणजे फक्त त्याच्या एकट्याच्या प्रकृतीचा प्रश्न नसतो. म्हणून घरून जाणारा मेल हा त्या माणसाच्या झोपेत शिरणारा पदार्थ आहे असे समजून लिहावा लागतो. सासू-सुनेचे भांडण, हप्ता थकला, शेजाऱ्याने बांध कोरला, हे लिहू नये असे मी म्हणत नाही. पण ज्याला उत्तर द्यायला पाच दिवस लागणार आहेत त्याच्यापुढे प्रश्न टाकून मेल संपवू नये. प्रश्न लिहिलात तर त्याचे तुम्ही काय करणार आहात तेही लिहा.

आणि शब्द जपून. त्या काळी सगळे मेल रोमन अक्षरांत मराठी लिहिलेले असत, काना-मात्रा वाचणाऱ्याने आपापल्या नशिबाने लावायच्या. माझ्या ओळखीच्या एका घरातून जहाजावर गेलेल्या मेलात असे होते: ‘काल आजोबा गेले, सोबत तात्या होते.’ आजोबा पंढरपूरला गेले होते. आपल्या भाषेत ‘गेले’ या शब्दाला दोन दारे आहेत, आणि आवाज नसेल तर कोणते उघडायचे हे वाचणाऱ्याची मनःस्थिती ठरवते. यावर अभ्यासही झाला आहे. २००५ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांना ई-मेलमधून गंभीर आणि उपरोधिक वाक्ये पाठवायला लावली. लिहिणाऱ्यांना खात्री होती की सुमारे ७८ टक्के वेळा समोरच्याला आपला सूर कळेल. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळा कळला, म्हणजे नाणे उडवून ठरवले असते तर लागला असता त्यापेक्षा थोडा बरा. तीच वाक्ये आवाजात पोहोचवली तेव्हा अंदाज आणि वास्तव जवळजवळ जुळले. लिहिणाऱ्याच्या डोक्यात आपला आवाज वाजत असतो, तो मेलमधून जात नाही. म्हणून जहाजावर थट्टा पाठवताना दोनदा विचार करावा, आणि ‘तुला काय, तू तिकडे सुखात’ हे वाक्य तर पाठवूच नये. त्या एका वाक्याने दोन महिने पोखरलेला जवान मी पाहिला आहे. बायकोने ते हसत लिहिले होते.

उलट, लिहिण्याचा लिहिणाऱ्यालाच फायदा होतो, हे मी आता अनेकींना सांगते. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटे आपल्या मनाला लागलेल्या प्रसंगाविषयी लिहायला लावले. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम कधी दिसला, कधी फार नाही, तेव्हा याला रामबाण म्हणायचे कारण नाही. पण वही आणि पेन यांचे दुष्परिणाम मला अजून आढळलेले नाहीत. धडधड होणाऱ्या बाईला मी सांगते, रोज लिहा. सगळे पाठवायलाच पाहिजे असे नाही.

संकटात किती थोड्या शब्दांत काम भागते याचे उदाहरण आपल्याच नौदलाचे आहे. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये अभिलाष टॉमी हे अधिकारी गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या शिडाच्या बोटीतून एकटे जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत होते. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात बोट उलटीपालटी झाली, डोलकाठ्या मोडल्या, पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. त्यांच्याजवळ उपग्रहावरून छोटे लिखित संदेश पाठवणारे एक उपकरण होते. त्यावरून त्यांनी कळवले ते इतकेच: काय झाले, कुठे लागले, आणि काय करता येत नाही. तेवढ्यावर बचाव यंत्रणेला कळले की स्ट्रेचरशिवाय जाऊन उपयोग नाही. तिसऱ्या दिवशी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. मी आमच्या शिकाऊ डॉक्टरांना रुग्ण दुसरीकडे पाठवतानाची चिठ्ठी लिहायला शिकवते तेव्हा हेच सांगते. काय झाले, आता काय आहे, काय करायचे आहे. विशेषणे नकोत.

हे मला आधी कळले असते तर बरे झाले असते. पण आबांच्या बाबतीत मला दुसरी संधी मिळाली. २०१२ च्या पावसाळ्यात त्यांना पुन्हा चालताना छातीत भरून येऊ लागले. तपासणीत तीन रक्तवाहिन्या अरुंद निघाल्या, पुण्याच्या लष्करी रुग्णालयात बायपास ठरली. मुलगा पुन्हा समुद्रावर. आई पुन्हा माझा हात धरून, “नका कळवू.” या वेळी मी त्यांना खाली बसवले आणि दोन वर्षांपूर्वी तुमच्या मुलाने सहा आठवडे काय सोसले ते सांगितले. त्यांना ते माहीतच नव्हते. त्याने आईला सांगितले नव्हते. न कळवण्याची ही कला त्या घरात दोन्ही बाजूंनी होती. आई बराच वेळ पदराने डोळे पुसत राहिली आणि म्हणाली, “मग तुम्हीच लिवा.”

मी कागदावर लिहिले, आमच्या क्लार्कने देवनागरीत टाइप केले. तो मजकूर माझ्याकडे अजून आहे:

‘तुझ्या वडिलांच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत. पुण्याला लष्करी रुग्णालयात येत्या गुरुवारी बायपास शस्त्रक्रिया आहे. यातून बहुतेक रुग्ण सुखरूप बाहेर पडतात. धोका अजिबात नाही असे मी म्हणणार नाही, पण त्यांना मधुमेह नाही आणि मूत्रपिंडे चांगली आहेत, ही जमेची बाजू. सोबत तुझे काका आणि बहीण असतील. तू आत्ता करण्यासारखे एकच आहे, हा मेल तुमच्या बोटीवरच्या डॉक्टरांना दाखव. पुढचा मेल शुक्रवारी संध्याकाळी येईल. नाही आला तर इकडे लाइट गेली असे समज, शनिवारी नक्की येईल.’

त्या मेलच्या आधी मी बहिणीला आणखी एक काम सांगितले होते. ती पुण्याला जाऊन आबांच्या खाटेशी बसली, आणि त्यांनी सांगितलेले वाक्य फोनवरून आमच्या क्लार्कला कळवले. ते शेवटी जोडले: ‘लावणी झाली. खालच्या खाचराचा बांध पावसाने खचलाय, तुझा चुलता म्हणतो उगवतीकडनं फोडू, मी म्हणतो मावळतीकडनं.’

शुक्रवारी इकडे खरोखरच वीज गेली. मेल शनिवारी दुपारी गेला, शस्त्रक्रिया नीट झाली, आबा नळ्या काढायला सांगतात, वगैरे. त्याचे उत्तर सोमवारी आले. वडिलांना नमस्कार, माझे आभार, जहाजावरच्या डॉक्टरांनी चहा पाजला, आणि मग: ‘चुलत्याचं ऐकू नका. मावळतीकडनंच फोडा, तिकडं उतार आहे.’